आराखड्याआधी माणसं

विकास आराखड्याच्या नकाशात राहत्या घरांना पिवळा रंग देण्याची पद्धत आहे. कारखान्यांना जांभळा, बाजारपेठेला निळा, उद्यानं आणि मैदानांना हिरवा. या पद्धतीनं नाशिक रोड रंगवलं, तर जेल रोडपासून विहितगावापर्यंत बराचसा भाग पिवळा होतो. त्या पिवळ्यात नोटांच्या आणि तिकिटांच्या छापखान्यात आयुष्य काढलेली घराणी आहेत. गांधीनगरच्या सरकारी मुद्रणालयात नोकरीसाठी बंगालमधून आणि उत्तरेतून आलेल्यांची नातवंडं आहेत. शेजारच्या देवळाली कॅम्पात फाळणीनंतर उतरलेल्या सिंधी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या आहेत. देवळाली गाव, चेहेडी, दसक, पंचक इथले पिढीजात शेतकरीही आहेत, ज्यांच्या मळ्यांवर हे सगळं उभं राहिलं. नकाशावर या सगळ्यांचा रंग एकच.

घर म्हणजे नुसतं बांधकाम नव्हे, त्यातलं कुटुंब, त्याचा धंदा आणि त्याचे सणवार हीच नगररचनेची पहिली सामग्री आहे, असा आग्रह शंभर वर्षांपूर्वी आपल्याच देशात पायी हिंडून धरणारा एक नगररचनाकार होऊन गेला. पॅट्रिक गेडिस हे त्यांचं नाव. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक. ठाणे, बडोदा, इंदूर अशा आपल्या ओळखीच्या शहरांवर त्यांनी अहवाल लिहिले. तरीही मराठी वाचकाला हे नाव फारसं माहीत नाही, आणि सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ते रुंद होत असताना नाशिककरांना तरी ते माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गेडिस मूळचे स्थापत्याचे नव्हेत. २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलटर गावी त्यांचा जन्म झाला. लंडनला टी. एच. हक्सली यांच्याकडे ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी गेली. अंधाऱ्या खोलीत दिवस काढताना खिडकीच्या तावदानांच्या चौकटी हातानं चाचपता चाचपता त्यांना विचार मांडण्याची एक रीत सुचली. पुढे दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करण्याइतकी नाही. सुचलेली रीत मात्र जन्मभर टिकली. कागदाला घड्या घालायच्या, नऊ चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनात एकेक कल्पना लिहायची, म्हणजे कोणती कल्पना कोणत्या कल्पनेला भिडते ते दिसतं. तिरक्या रेषेवर तीन मुख्य गोष्टी येत: जागा, काम आणि लोक. उरलेल्या चौकोनांत त्यांचे परस्परसंबंध. जागेमुळे काम ठरतं, कामामुळे लोक येतात आणि लोक पुन्हा जागा बदलतात.

ही त्रयी त्यांनी फ्रेंच अभ्यासक फ्रेदरिक ल प्ले यांच्याकडून घेतली होती. ल प्ले खाणींचे अभियंते. युरोपभर फिरताना त्यांनी कामगारांच्या घरी बसून वर्षाचा जमाखर्च लिहून घेतला. भाकरीला किती, कपड्याला किती, देवाधर्माला किती. १८५५ मध्ये हे सगळं ग्रंथरूपानं आलं. समाज समजून घ्यायचा तर एका कुटुंबाचा हिशेब बारकाईनं वाचावा, अशी त्यांची धारणा. त्यांच्या त्रयीत तिसरी गोष्ट कुटुंब हीच होती. गेडिस यांनी तिचा विस्तार करून सगळे लोक त्यात आणले, पण सुरुवात कुटुंबापासून करायची ही शिस्त सोडली नाही.

ती त्यांनी आधी स्वतःच्या घरापासून पाळली. १८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचं लग्न झालं, आणि थोड्याच दिवसांत हे दांपत्य एडिंबराच्या जुन्या भागातल्या जेम्स कोर्ट या गलिच्छ वस्तीत राहायला गेलं. वस्ती सुधारायची तर तिथला रहिवासी व्हायचं, हा त्यांचा निश्चय होता. दोघांनी स्वतः झाडलं, भिंतींना रंग दिला, खिडकीत फुलझाडं लावली, शेजाऱ्यांना सोबत घेतलं. थोरली मुलगी नोरा याच काळातली. तिच्या पाठीवर अ‍ॅलस्डेअर आणि आर्थर. तिन्ही मुलांचं सुरुवातीचं शिक्षण घरी, बागेत आणि भटकंतीत झालं. पुढे नोरानं त्याच जुन्या एडिंबरात पडीक जागांवर मुलांसाठी बागा उभ्या केल्या. आर्थर भारतात आला आणि टागोरांच्या श्रीनिकेतनात त्यानं काम केलं. बापानं जे तत्त्व म्हणून मांडलं ते मुलांनी हातानं करून दाखवलं.

भारताची ओढ त्यांना आधीपासून होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी स्वामी विवेकानंदांशी त्यांची गाठ पडली होती. भगिनी निवेदितांनी त्या वेळी काही काळ त्यांच्या हाताखाली कामही केलं. १९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते इकडे निघाले. शहरांविषयीचं त्यांचं मोठं प्रदर्शन, नकाशे, चित्रं असं सगळं वेगळ्या जहाजानं येत होतं. एमडेन या जर्मन युद्धनौकेनं ते जहाज बुडवलं. वर्षानुवर्षं जमवलेला संग्रह गेला. इंग्लंडमधल्या मित्रांनी नवं साहित्य गोळा करून पाठवलं आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलंही.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी भारतातली कितीतरी शहरं पायाखाली घातली. त्या काळी शहर सुधारणं म्हणजे दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढणं, असं बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांना आणि त्यांच्याकडे शिकलेल्या आपल्या अभियंत्यांनाही वाटे. प्लेगचा धसका होता, त्यामुळे हवा खेळली पाहिजे हे कारण तयारच असे. रस्ता निघे, घरं पडत, आणि पडलेल्या घरांतली माणसं शेजारच्या गल्लीत अधिकच दाटीवाटीनं कोंबली जात. रोग तिथे पुन्हा डोकं वर काढी. हे दुष्टचक्र गेडिस यांनी अहवालामागून अहवालात दाखवून दिलं.

त्यांचा उपाय वेगळा होता. एखादं पडकं घर काढायचं, त्या जागी छोटा चौक करायचा. बंद पडलेली विहीर उपसून चालू करायची. दोन गल्ल्या जोडायला कोपऱ्यावरची एक भिंत मागे घ्यायची. मध्ये देऊळ, पिंपळ किंवा दर्गा आला तर वाट थोडी वळवायची. याला ते जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणत. असा आराखडा टेबलावर पट्टी ठेवून निघत नाही, उन्हातान्हात गल्लीबोळ हिंडून जागेवरच काढावा लागतो, असं त्यांनी बजावलं आहे. तंजावर, म्हणजे व्यंकोजीराजांच्या वंशजांचं शहर, तिथल्या किल्ल्यातल्या वस्तीसाठी पालिकेनं पाडापाडीचा बेत आखला होता. गेडिस यांनी त्याच वस्तीत पडीक जागा शोधून शोधून दुसरा आराखडा काढला. त्याचा खर्च मूळ बेताच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतका निघाला आणि बेघर होणाऱ्यांची संख्याही फार कमी झाली. माणसांना न हलवणारी योजना स्वस्तही पडते, हा हिशेब आजही पालिकांच्या स्थायी समित्यांपुढे ठेवण्यासारखा आहे.

इंदूरचं काम हा त्यांच्या भारतातल्या आयुष्याचा कळस. तुकोजीराव होळकरांच्या दरबारासाठी त्यांनी लिहिलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. पण अहवालापेक्षा मोलाची आहे ती दिवाळीची मिरवणूक. तिची हकिगत गेडिस यांनीच पुढे सांगितली आहे.

शहरात प्लेग होता. नकाशा घेऊन गल्लोगल्ली फिरणारा हा दाढीवाला साहेब लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागला. हाच रोग घेऊन येतो, अशी कुजबुज झाली. गेडिस यांनी महाराजांना विनंती केली की एक दिवसापुरते शहराचे अधिकार मला द्या. महाराजांनी ते मान्य केलं. मग त्यांनी दवंडी पिटवली: या दिवाळीला मिरवणूक हिंदूंच्या ठरलेल्या वाटेनं जाणार नाही आणि मुसलमानांच्या ठरलेल्या वाटेनंही नाही. ज्या वस्तीनं आपली घरं आणि रस्ते सगळ्यांत स्वच्छ केले असतील, डागडुजी केली असेल, त्या वस्तीतून ती जाईल.

हा निर्णय किती अचूक होता ते पाहा. मिरवणुकीची वाट हा आपल्याकडे मानाचा विषय, आणि तंट्याचाही. गेडिस यांनी तो मान जातीधर्माकडून काढून घेतला नाही, सगळ्यांना खुला केला. मोहल्ल्यामोहल्ल्यात चढाओढ लागली. गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर पडला, भिंती रंगल्या, उंदरांचे सापळे लागले.

दिवाळीच्या दिवशी पुढे संस्थानचे हत्ती आणि घोडदळ. मागे शेतीचं वैभव दाखवणारे गाडे. त्यानंतर सूर बदलला. रावण आला, दैत्य आले, मोडक्या घाणेरड्या घरांची प्रतिकृती आली, आणि आला प्लेगचा प्रचंड उंदीर. त्याच्यामागून शहरातले सफाई कामगार, नवे पांढरेशुभ्र कपडे घातलेले, झाडूंना फुलांच्या माळा, मिरवणुकीत मानाच्या जागी. ज्यांना गावानं कायम कडेला ठेवलं त्यांना १९१७ च्या सुमारास एका मराठी संस्थानाच्या राजधानीत राजमार्गावर सन्मानानं चालवलं गेलं. पाठोपाठ इंदूर नगरीची देवता, हातात नव्या शहराचा नकाशा. मग गवंडी, कुंभार, सगळे कारागीर आपापल्या कामाचे देखावे घेऊन. आणि घरोघरी देण्यासाठी तुळशीची रोपं. शेवटी रावणाचं आणि उंदराचं दहन झालं. त्या वर्षी प्लेग ओसरला. प्लेगचा हंगामही तोवर सरत आला होता, हे गेडिस प्रांजळपणे सांगत. पण त्या दिवसानंतर इंदूरचे लोक त्यांना ओळखून हसू लागले, मदत करू लागले.

तुळशीचं रोप हा नुसता शोभेचा भाग नव्हता. आपल्या वाड्यांतलं अंगण, तुळशीवृंदावन, ओटा यांचा त्यांनी जिव्हाळ्यानं अभ्यास केला होता. अंगण सारवून, सडा घालून, तुळशीला पाणी घालणारी बाई हीच शहराच्या आरोग्याची पहिली राखणदार आहे, अशी त्यांची दृष्टी. तिला उजेड, पाणी आणि उघड्यावर बसायला थोडी जागा मिळाली की शहराचं निम्मं काम झालं. इंदूरच्या महागड्या भुयारी गटार योजनेलाही त्यांनी विरोध केला आणि सांडपाणी बागांना देण्याचा मार्ग सुचवला. शेवटी मोजायचं ते घराच्या आतून, ही त्यांची पद्धत सगळीकडे सारखीच.

ज्या १९१७ सालात हे काम चाललं होतं, त्याच वर्षी त्यांचं स्वतःचं घर मोडलं. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अ‍ॅलस्डेअर फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला. अ‍ॅना तेव्हा भारतातच तापानं आजारी होत्या. मुलगा गेल्याचं त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. थोड्याच आठवड्यांत त्याही गेल्या. प्रदर्शनं, वर्ग, पत्रव्यवहार, पैशाची ओढाताण हे सगळं अ‍ॅना यांनी सांभाळलं होतं. इंदूरची कामगिरी वाचताना ती कुणाच्या आधारावर उभी होती, हे विसरता कामा नये.

गेडिस यांच्या विचारातली खोटही इथेच सांगायला हवी. १८८९ मध्ये लिहिलेल्या एका पुस्तकात त्यांनी स्त्री आणि पुरुष यांच्या भूमिका निसर्गानंच ठरवून दिल्या आहेत, असं मांडलं होतं. ते आज टिकत नाही. बाईला शहराची राखणदार म्हणणारे गेडिस तिला शहराची कारभारीण करायला पुरते तयार नव्हते. शिवाय ते संस्थानिक आणि ब्रिटिश सरकार यांच्या बोलावण्यावर काम करत, त्यामुळे सत्ता कुणाकडे आहे हा प्रश्न त्यांच्या अहवालांत मागेच राहतो. कित्येक अहवाल दप्तरात पडून राहिले, याचं एक कारण तेही आहे.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे प्रमुख झाले. त्यांचं बोलणं दाढीत विरून जाई, वर्गात ऐकू येत नसे, अशा आठवणी आहेत. पण त्यांची पारख पक्की होती. मालवणचा एक संस्कृतचा पदवीधर मुंबई शहरावर निबंध लिहून त्यांच्याकडे आला. गेडिस यांच्या शिफारशीनं तो विद्यापीठाच्या खर्चानं इंग्लंडला शिकायला गेला. हे गोविंद सदाशिव घुर्ये. १९२४ मध्ये गेडिस भारत सोडून गेले आणि तो विभाग घुर्यांनी पुढे दशकानुदशकं चालवला. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे. भारतभरच्या नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. त्यांनी फलटणसारख्या वाढत्या गावाची पाहणी केली, आणि कोयना धरणामुळे उठलेल्या कुटुंबांचं काय झालं याचीही पाहणी केली. ल प्ले यांनी कामगाराच्या घरात बसून जमाखर्च लिहिला, तिथपासून कोयनेच्या विस्थापितांच्या दारापर्यंत ही एकच वाट येते, आणि तिचा शेवटचा मोठा टप्पा मराठी माणसांनी पार केला आहे.

गेडिस पुढे दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएला राहिले, तेल अवीव शहराचा आराखडा त्यांनी १९२५ मध्ये दिला, आणि १७ एप्रिल १९३२ रोजी ते वारले.

आता जागा, काम आणि लोक हे तीन शब्द घेऊन नाशिक रोडकडे या. जागा म्हणजे वालदेवी, दारणा आणि गोदावरी यांच्या मधला सपाट माळ. एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात कसारा घाट चढून आलेली रेल्वे मूळ नाशिकला न शिवता इथून गेली, आणि स्थानक गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर पडलं. पुढे त्या अंतरावर घोड्यांची ट्रामही धावली. मग कामं आली. ब्रिटनमध्ये छापली जाणारी टपाल तिकिटं १९२५ पासून इथे छापली जाऊ लागली आणि पाठोपाठ नोटांचा छापखाना आला. मध्यवर्ती कारागृह आलं. तोफखान्याचं केंद्र आलं, एकलहऱ्याचं वीज केंद्र आलं. प्रत्येक कामानं आपापले लोक आणले. गांधीनगरची रामलीला आणि दुर्गापूजा मुद्रणालयाच्या कामगारांनी रुजवली. नेहरूनगरजवळच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत मुंबई-गोव्याकडून माणसं येतात. मुक्तिधाम मंदिर उभं राहिलं ते उद्योजक जे. डी. चौहान-बिटको यांच्या देणगीतून, आणि स्थानकावर उतरणारा परप्रांतीय यात्रेकरू आधी तिथेच टेकतो. मराठी कुटुंबाचं सगळ्यांत ओळखीचं चित्र रेखाटणारं ‘श्यामची आई’ हे पुस्तकही साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत इथल्याच तुरुंगात लिहिलं.

शेजारच्या नाशिकची परंपराही याहून वेगळी नाही. १८५४ मध्ये वसलेल्या शरणपूरच्या मिशन वस्तीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत हिंडणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता, आणि १८७४ मध्ये लंडनला त्याच्या दफनविधीलाही हजर होता.

हे वैविध्य कुणी आखून आणलेलं नाही, ते कामाच्या पाठीमागून आलं. पण ते टिकतं की विरतं, हे मात्र आराखड्यावर अवलंबून असतं. रामलीलेला मैदान लागतं. यात्रेला रस्त्याकडेला मोकळी जागा लागते. निवृत्त कामगारांना झाडाखाली पार लागतो. जुन्या गावठाणातल्या बाईला घराजवळचा भाजीबाजार लागतो, सहा पदरी रस्त्यापलीकडचा चालत नाही. १९८२ मध्ये नाशिक रोड-देवळाली नगरपालिका नाशिक महापालिकेत विलीन झाली. तेव्हापासून हे निर्णय एका मोठ्या कार्यालयात होतात आणि त्यांचं प्रमाणही मोठं असतं.

२०२७ च्या सिंहस्थाला देशभरातून येणारे लाखो भाविक याच स्थानकावर उतरतील. रस्ते, पूल, निवारे हवेत, याबद्दल वाद नाही. पण २०२५ च्या अखेरीस तपोवनातली झाडं तोडण्याच्या बेतावरून शहरात जो संताप उसळला, त्यानं दाखवून दिलं की आधी ठरवायचं आणि मग लोकांना सांगायचं ही पद्धत अजून गेलेली नाही. गेडिस एका झाडासाठी वाट वळवत, आणि ते हळवेपणानं नव्हे. त्या झाडाखाली कोण बसतं, हे त्यांनी आधी पाहिलेलं असे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा, १९६६ यानं आपल्याला एक हक्क दिला आहे. आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की कुणीही नागरिक त्यावर हरकत किंवा सूचना नोंदवू शकतो. बहुतेक हरकती स्वतःच्या भूखंडावरच्या आरक्षणापुरत्या असतात. त्या असाव्यात. पण त्यांच्या जोडीला आणखी एक कागद जोडता येतो. आपल्या गल्लीत किती कुटुंबं राहतात, कुठून आली, काय काम करतात, म्हातारी माणसं कुठे बसतात, मुलं कुठे खेळतात, कोणता उत्सव कोणत्या जागेवर होतो, कोणतं झाड आणि कोणती विहीर अजून वापरात आहे. चार शेजाऱ्यांनी मिळून एका रविवारी हे लिहून काढता येईल. नाशिक रोडच्या वाचकांना माझी विनंती आहे की पुढचं प्रारूप येईपर्यंत थांबू नका. आपल्या गल्लीचा हा कागद आत्ताच तयार करा आणि प्रभागाच्या नगरसेवकाला, नगररचना विभागाला त्याची प्रत देऊन पोच घ्या.